बुढ्याला दमा नव्हताच

मागच्या पावसाळ्यात रात्री दोनला एक बुढा आणला पोरांनी, यवतमाळकडच्या खेड्यातून, छोट्या हत्तीत बसवून. बिड्या ओढणारा, श्वास लागलेला, छातीत शिट्ट्या. पोरगा म्हणे जुना दमा हाये साहेब, वाफ द्या. मीही स्टेथो लावला, शिट्ट्या ऐकल्या अन् वाफ सुरू केली. अर्धा तास झाला तरी फरक नाही.

मग सोनोग्राफीचं मशीन ओढत आणलं. बुढी म्हणे, "हे तं पोटुशी बायांचं मशीन व्हय ना जी?"

तिचं काय चुकलं, आम्हालाही कॉलेजात हेच शिकवलेलं की हवेतून सोनोग्राफीचा आवाज पुढं जात नाही, म्हणून फुप्फुसाला सोनोग्राफी बिनकामाची. फुप्फुस दिसत नाही हे खरंच आहे, पण त्याऐवजी जी खोटी चित्रं उमटतात ना तीच कामाची! आत नुसती हवा असली की आवाज फुप्फुसाचं आवरण अन् छातीवर टेकवलेला मशीनचा दांडा, म्हणजे प्रोब, यांच्यात टप्पे घेत राहतो, स्क्रीनवर सारख्या अंतरानं आडव्या रेषा येतात, त्या ए-लाइन. फुप्फुसात पाणी मुरलं की आवरणापासून खालपर्यंत टॉर्चच्या झोतासारख्या उभ्या पट्ट्या, त्या बी-लाइन. दोन फासळ्यांच्या मधल्या एका फटीत तीन किंवा जास्त झोत म्हणजे जास्तच. दम्यात सहसा आडव्याच रेषा राहतात.

बुढ्याच्या दोन्ही बाजूला झोतच झोत. हृदय थकलेलं, पाणी मागं तुंबलेलं, अन् शिट्ट्या त्यानंही वाजतात. लघवीवाटे पाणी काढायचं इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला, सकाळी बुढा चहा मागत होता.

फ्रान्सच्या डॉ. डॅनियल लिश्टेनस्टाइननी 2008 मध्ये श्वास लागलेल्या 260 आयसीयू पेशंटवर हे करून दाखवलं, 90.5 टक्के निदान बरोबर निघालं. म्हणजे दहातलं एक चुकतंच. शिवाय आपल्याकडं लिंगनिदानाच्या 1994 च्या कायद्यामुळं मशीनची नोंदणी लागते, पोर्टेबल मशीन वाटेल तिथं फिरवता येत नाही. कायदा हवाच म्हणा, पण रात्री दोनला त्रास होतो.

पंधरा दिवसांनी तापाची एक बाई आली, धाप लागलेली, परत दोन्हीकडं झोत. मी लगेच तेच इंजेक्शन भरायला सांगितलं. मग नीट बघितलं तर आवरणाची रेघ बुढ्यासारखी गुळगुळीत नव्हती, खडबडीत होती, झोतही कुठं दाट कुठं नाहीतच, अन् हृदय चांगलं चालत होतं. सिस्टरनं काखेत काळी खपली दाखवली. स्क्रब टायफस, म्हणजे शेतात गवत कापताना चावलेल्या किड्यामुळं आलेला ताप; पाणी हृदयामुळं नव्हतंच. भरलेलं इंजेक्शन ट्रेमध्येच राहिलं.