जूनमधला खलाशी कुठल्या रकान्यात?

१ जूनला मासेमारी बंद झाली की कोकणातल्या हर्णै बंदरातल्या बोटी किनाऱ्यावर चढतात, शाकारल्या जातात. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक नौकांना समुद्र बंद. समजा, या ६१ दिवसांत सरकारी पाहणीवाला टॅब घेऊन एखाद्या खलाशाच्या पडवीत येऊन बसला. हंगामाचा हिशेब चुकता करून घरी आलेला हा माणूस कामाचा लिहायचा की बेकार?

मागचं वर्ष विचारलं तर कामाचा. रोजगार मोजणाऱ्या या सरकारी पाहणीची, म्हणजे नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाची, एक फूटपट्टी गेल्या ३६५ दिवसांची आहे आणि त्यातले दहा महिने तो समुद्रावर होता. दुसरी फूटपट्टी गेल्या सात दिवसांची. त्यात एका दिवशी तासभर जरी मालकाची जाळी शिवली असतील, तरी तो रोजगारात. काहीच केलं नाही, पण काम शोधतोय किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तर बेरोजगार. आणि ‘आता नारळी पौर्णिमेनंतर बघू’ म्हणाला, तर तो श्रमशक्तीतच नाही; श्रमशक्ती म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे किंवा करायला तयार असलेले, एवढेच. गंमत इथे आहे. बेरोजगारीचा दर काढताना भागायचं ते श्रमशक्तीने, त्यामुळे हातावर हात ठेवून बसलेला हा गडी त्या दरात कुठेच दिसत नाही.

तासाभराची अट ऐकून लोक हसतात. मलाही ती फार सैल वाटायची. पण हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे: देशाच्या उत्पादनात ज्याचा थोडाही हात लागला, तो मोजायचा. काम पुरेसं होतं का, हे वेगळं विचारतात; सातही दिवसांचे तास लिहून घेतात.

१९७२-७३ पासून अशी मोठी पाहणी साधारण पाच वर्षांनी व्हायची. २०१७ पासून ती सलग चालते, आणि २०२५ पासून देशाचे आकडे दरमहा येतात.

खरी पंचाईत बायकांच्या कामाची. मे महिन्यात अंगणात रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, साली मीठ घातलेल्या रसात बुडवून, पुन्हा उन्हात टाकून आमसुलं करणारी बाई विचारलं तर म्हणणार, ‘मी कुठे काम करते, घरीच असते.’ आमसुलं विकायची असतील तर ती रोजगारात, पगार कोणी देत नसला तरी. घरच्या सोलकढीपुरती असतील तर नाही. साली त्याच, मीठ तेच, पाठीवरचं ऊनही तेच. म्हणून पाहणीवाल्याने ‘काम करता का?’ एवढ्यावर न थांबता ‘ही आमसुलं जाणार कुठे?’ हेही विचारायला हवं.