हिरवे सोलाणे खाकी का होतात?

संक्रांत जवळ आली की नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात हरभऱ्याच्या जुड्या येतात. त्यांच्या मागोमाग मोबाइलवर एक इशाराही फिरू लागतो: सोलाणे (ओल्या हरभऱ्याचे सोललेले दाणे) उकळल्यावर रंग गेला तर समजा, माल रंगवलेला आहे. हे नेमकं उलटं आहे. उकळल्यावर मळकटणं हा तर खऱ्या हरभऱ्याचा स्वभाव. लावलेला रंग ओळखायला गॅसही पेटवावा लागत नाही. काचेच्या ग्लासात गार पाणी घ्या, मूठभर दाणे टाका, अर्धा तास थांबा. पाण्यात हिरवा रंग उतरला तर दाणे रंगवलेले. दाण्याचं स्वतःचं हरितद्रव्य, म्हणजे क्लोरोफिल, पाण्यात विरघळत नाही. अर्थात घाटे आणून घरी सोलले तर ही शंकाच उरत नाही.

मग खरा रंग जातो कुठे?

क्लोरोफिलचं नाव आपल्याला शाळेपासून माहीत असतं, पण त्या रेणूच्या मध्यभागी धातूचा एक अणू बसलेला असतो हे फारसं कुणी सांगत नाही. तो धातू म्हणजे मॅग्नेशियम. चार नायट्रोजन अणूंनी त्याला चहूबाजूंनी धरलेलं असतं, भोवती कार्बनचं मोठं कडं असतं आणि कड्याला एक लांब शेपूट. ही शेपूट तेलकट स्वभावाची, म्हणूनच रेणू पाण्यात उतरत नाही. क्लोरोफिलवरच्या कामासाठी रिशार्ड विलश्टेटर यांना १९१५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मॅग्नेशियम जागेवर आहे तोवर हे कडं प्रकाशातला लाल आणि निळा भाग शोषून घेतं आणि आपल्या डोळ्यांना उरलेला हिरवा दिसतो.

जिवंत दाण्यात हा रेणू पेशीच्या हरितलवक नावाच्या कप्प्यात, प्रथिनांना धरून सुरक्षित असतो. त्याच पेशीतली आम्लं मात्र दुसऱ्या कप्प्यात, रिक्तिकेत कोंडलेली असतात. दाणा तापला की कप्प्यांची पटलं फाटतात, प्रथिनं उलगडतात आणि आम्ल सगळीकडे पसरतं. हायड्रोजनचे दोन आयन कड्यात शिरतात, मॅग्नेशियम बाहेर पडतं. उरतो तो फिओफायटिन, शेवाळी-खाकी रंगाचा. पाणी जितकं आंबट आणि वेळ जितका जास्त, तितकी ही अदलाबदल पुढे जाते. क्लोरोफिलचे ‘ए’ आणि ‘बी’ असे दोन प्रकार दाण्यात असतात. ‘ए’ निळसर हिरवा. तो मॅग्नेशियम लवकर सोडतो. ‘बी’ पिवळसर हिरवा. तो जास्त तग धरतो. म्हणून आधी निळसर झाक जाते, मग दाणा पिवळटतो, शेवटी खाकी होतो. उकळत्या पाण्यात पडल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात दाणे उलट जास्तच हिरवेगार दिसतात. पेशींच्या मधली हवा निघून जाते आणि रंग झाकणारा पांढुरका धूसरपणा कमी होतो, इतकंच त्याचं कारण.

आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमधल्या हीम या रेणूचं कडंही याच घराण्यातलं, फक्त मध्ये मॅग्नेशियमऐवजी लोह. तेवढ्या साम्यावर गव्हांकुराचा रस ‘हिरवं रक्त’ म्हणून विकला जातो. शरीर मॅग्नेशियम काढून तिथे लोह बसवत नाही. जठरातल्या आम्लात क्लोरोफिलचं तेच होतं जे पातेल्यात होतं. रस आवडत असेल तर जरूर प्या, हिमोग्लोबिन वाढेल या आशेने मात्र नको.

आता कृती. पाव किलो सोललेल्या दाण्यांना दोन लिटर पाणी आणि चहाचे दोन चमचे मीठ. पाणी खळखळून उकळल्यावरच दाणे टाका. पाणी कमी घेतलं तर दाणे पडताच ते गार होतं, पुन्हा उकळायला वेळ लागतो आणि त्या कोमट वेळात दाणे नुसते भिजत पडतात. शिवाय दाण्यातून सुटणारं आम्ल भरपूर पाण्यात पातळ होतं. झाकण ठेवू नका. आम्लाचा काही भाग वाफेबरोबर उडून जातो, झाकणामुळे तो थेंबाथेंबाने परत पातेल्यात पडतो. कोवळ्या दाण्यांना ३ ते ४ मिनिटं, टपोऱ्या आणि सालीला फिकटपणा आलेल्यांना ५ ते ६. दाणा चिमटीत दाबून दबला पण फुटला नाही की चाळणीत ओता आणि लगेच गार पाण्यात बुडवा. जानेवारीत नाशिकच्या नळाचं पाणी पुरेसं गार असतं, बर्फ लागत नाही. ही पायरी टाळली तर चाळणीतला ढीग स्वतःच्या उष्णतेने शिजत राहतो आणि मधले दाणे खाकी होतात. कुकरचं नावच काढू नका.

सोड्याची चिमूट रंग राखते हे खरं, कारण आम्ल मारलं जातं. पण अल्कलीत पेशींना जोडणारं पेक्टिनही विरघळतं, दाणे पिठूळ होतात आणि ‘बी-१’ जीवनसत्त्व नासतं. बोअरचं जड पाणी उलट त्रास देतं: त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट करतं आणि साल चिवट राहते. आणि ज्या शहराची तांब्यापितळेची भांडी प्रसिद्ध, तिथे हे सांगायलाच हवं: कल्हई उडालेल्या भांड्यात आंबट काही शिजवलं तर तांबं सुटून मॅग्नेशियमच्या रिकाम्या जागी बसतं. हिरवा रंग मग जाता जात नाही, पण पोटात नको तितकं तांबं जातं.

फोडणी साधीच. चमचाभर तेल, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता. निथळलेले दाणे दोन मिनिटं परता, गॅस बंद करा, कोथिंबीर आणि बारीक कांदा घाला. लिंबू ताटात पिळायचं, कढईत नाही. वरचं सगळं वाचलं असेल तर कारण सांगायला नको. लोखंडी कढई टाळा, दाणे काळपट होतात.

पोषणाचं थोडक्यात: सुक्या हरभऱ्यात साधारण २० टक्के प्रथिनं असतात. ओल्या दाण्यात निम्म्याहून जास्त पाणी, त्यामुळे तेवढ्याच वजनात प्रथिनं निम्म्याहून कमी. ‘प्रथिनांचा खजिना’ वगैरे लिहिणाऱ्यांनी पाणी मोजलेलं नसतं. पोटात वायू करणाऱ्या रॅफिनोज घराण्यातल्या साखरा दाणा वाळताना वाढतात, म्हणून ओला हरभरा पोटाला सुसह्य.

घाटे घेताना बारीक गोल भोक असलेले बाजूला टाका. आत घाटेअळी असते किंवा ती खाऊन गेलेली असते. हाताला लागणारी आंब आकाशातून दवाबरोबर पडत नाही. झाडावरच्या सूक्ष्म ग्रंथीयुक्त केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं, दव त्यात फक्त मिसळतं. ओठ चुरचुरतात ते यामुळेच. सोलण्याआधी घाटे एकदा धुवा, नाहीतर हीच आंब बोटांवरून दाण्यांवर येते.

हुळा, म्हणजे घाट्यांसकट भाजलेला हरभरा, करायचा असेल तर रंगाची फिकीर सोडा. तिथे करपलेल्या टरफलाची चव हवी असते.

तोडलेल्या घाट्यातली साखर हळूहळू कमी होते, तेव्हा फ्रिजमध्ये न सोलता ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. वर्षभरासाठी साठवायचे तर सोलून २ मिनिटं उकळत्या पाण्यात, मग गार पाण्यात, कापडावर पूर्ण कोरडे करून ताटात सुटे गोठवा आणि नंतर पिशवीत भरा. उकळणं टाळून थेट फ्रीझरमध्ये टाकले तर विकरं (एन्झाइम) थंडीतही मंदपणे काम करत राहतात आणि काही महिन्यांनी दाण्यांना वाळल्या गवताचा वास येतो.