आजोबांची राजदूत कागदावर जिवंत करायची तर

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वी तालुक्यात अजूनही कितीतरी घरी कोठ्यात, पऱ्हाट्यांच्या भाऱ्यामागं एक जुनी मोटारसायकल उभी असते. राजदूत, जावा, नाही तर बुलेट. सीटवर कोंबड्या बसतात, हँडलला कोणाचा तरी दोर टांगलेला असतो. दरवर्षी तुरी निघाल्या की घरातलं कोणीतरी म्हणतं, यंदा हिला बाहेर काढतो. मीही तसाच काढायला गेलो. आमची राजदूत १९७३ ची, आजोबांच्या नावावर. गावातल्या मिस्त्रीनं टाकी हलवून पाहिली, किक दाबून पाहिली आणि म्हणाला, "भाऊ, इंजिन तं मी उठवून देतो, पन कागद कोन उठवीन?"

पान्हा हातात घेण्याआधी कागद बघा, हे त्या दिवशी समजलं असतं तर माझे आठ महिने वाचले असते. म्हणून गाडी उघडण्याआधी काय काय करायचं, ते इथं लिहितो.

आधी ठरवा: मिरवायची की चालवायची?

जुन्या मोटारसायकलीला कायदेशीर व्हायला दोन वाटा आहेत. बरेच जण 'विंटेज' शब्दाला भुलून चुकीची वाट धरतात.

पहिली वाट विंटेज नोंदणीची. केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ती आणली. पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. मोजणी पहिल्या नोंदणीपासून, 'आमच्या आजोबांनी इंदिरा गांधींच्या काळात घेतली' असं सांगून भागत नाही. दुसरी अट अशी की गाडी मूळ रूपात असावी; चॅसिस, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. ही नोंदणी १० वर्षांची मिळते. पहिल्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुढच्या पुनर्नोंदणीचं ५,०००.

आता यातली मेख. विंटेज गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, विंटेज रॅली, तिथवर जाणं-येणं, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती निघते. म्हणजे सोमवारच्या बाजाराला भाजीची थैली लटकवून निघालात तर नियम मोडला. वावरात डबा घेऊन गेलात तरी तेच.

दुसरी वाट साध्या नूतनीकरणाची. पंधरा वर्षं झालेल्या कुठल्याही खासगी गाडीचं जसं पासिंग होतं, तसंच. ते ५ वर्षांसाठी मिळतं, वापरावर विंटेजसारखं बंधन नाही आणि गाडी पन्नाशीची असलीच पाहिजे असंही नाही. ज्याला आजोबांच्या गाडीवर बसून धुऱ्यापर्यंत जायचं आहे त्यानं हीच धरावी, असं माझं मत. नागपूरच्या हौशी लोकांना रॅल्या भेटतात; आमच्याकडे कुठली रॅली? पोळ्याला बैलांमागं गाडी ढकलत नेली तर तेवढीच.

'पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते' हेही गावोगावी पसरलेलं आहे, आणि त्या भीतीनं चांगल्या गाड्या किलोवर गेल्या. पंधरा वर्षांनंतर पेट्रोल गाडी चालवू न देण्याचा आदेश दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरता होता. विदर्भात तसं काही नाही. गाडी तपासणीत पास झाली की तिचं नूतनीकरण होतं.

नाव कोणाचं आहे?

वाट कोणतीही धरा, पहिला अडसर हाच. आरसी बुकात आजोबांचं नाव, आजोबा जाऊन बारा वर्षं झालेली, आणि बाबा, दोन काका, एक आत्या असे वारस.

मालक वारल्यावर गाडी नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. नियमानं मृत्यूनंतर ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला (आरटीओला) कळवायचं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. आपल्यातल्या कोणी ते केलेलं नसतं, त्यामुळे उशिराचं जे बसेल ते भरावं लागतं. सोबत मृत्यूचा दाखला, मूळ आरसी, विमा, तुमचा ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, वारस असल्याचा कागद, आणि बाकीच्या वारसांची 'आमची हरकत नाही' अशी प्रतिज्ञापत्रं. ही प्रतिज्ञापत्रं तहसीलजवळच्या नोटरीकडे करून मिळतात, पण आत्याची सही आणायला पुसदला जावं लागतं, ही खरी प्रक्रिया. माझ्या आत्यानं सही करायच्या आधी विचारलं, "शेत तं नाही ना रे लिहून घेत?" कागद वाचून दाखवावा लागला. दोनदा.

गाडी बाहेरच्या कोणाकडून घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३०. विकणाऱ्याची सही लागते आणि तो माणूस जिवंत असावा लागतो. तीस वर्षांपूर्वी कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवलेल्या गाड्या गावात पुष्कळ फिरतात. अशा गाडीला हात लावण्याआधी मूळ मालकाचं घर शोधा. तो वारला असेल तर त्याच्या वारसांपासून सुरुवात. दुसऱ्या राज्याची पासिंग असेल, आणि मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या गावांत ती असतेच, तर तिथल्या कार्यालयाकडून फॉर्म २८ वर ना-हरकत आणून इथं फॉर्म २७ वर नवा नंबर मागायचा.

आरसी सापडत नाही, किंवा सापडली पण संगणकात नाही

आरसी हरवली असेल तर पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद करून फॉर्म २६ वर दुय्यम प्रत मागायची. जुनी आरसी म्हणजे आजच्यासारखं कार्ड नव्हे. कापडी पुठ्ठ्याचं बुक, आत टॅक्सचे शिक्के. ते आजीच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली, नाही तर देव्हाऱ्याच्या फडताळात असतं. पोलिसांकडे जाण्याआधी तिथं बघा.

आरसी हातात असूनही काम अडतं ते वेगळ्याच कारणानं. १९८९ च्या आधीचे नंबर तीन अक्षरी होते, आजच्या एमएच-३२ किंवा एमएच-२७ सारखे नव्हते. ती नोंद कार्यालयाच्या कागदी रजिस्टरमध्ये असते, 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीत नसते. प्रणालीत गाडी दिसत नाही तोवर ऑनलाइन अर्जच उघडत नाही. यासाठी कार्यालयाला साध्या कागदावर अर्ज देऊन 'बॅकलॉग नोंद' करून घ्यावी लागते: जुन्या रजिस्टरमधून माहिती काढून संगणकात भरणं. माझे आठ महिन्यांतले पाच इथंच गेले. एका कार्यालयात रजिस्टर शोधायचा माणूस रजेवर, मग निवडणुकीच्या कामावर, मग बदलीवर. प्रत्येक वेळी अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसह. पोच नसेल तर तुम्ही आलाच नव्हता, असं धरलं जातं.

रजिस्टरमध्येही नोंद नाही आणि घरातही आरसी नाही, अशी गाडी भंगारवाल्यानं 'कागद करून देतो' म्हणून दाखवली तर तिथून परत फिरा. विंटेजच्या नियमातही भारतात आधी नोंदलेल्या गाडीची जुनी आरसी मागितली आहे. परदेशातून आणलेली असेल तर आयातीचा कस्टमचा कागद, म्हणजे बिल ऑफ एंट्री.

नंबरावर हात फिरवू नका

आता गॅरेजमधलं. घरच्या पडवीत गाडी उघडून बसणाऱ्या पोरांनी हा भाग नीट वाचावा.

जुन्या गाड्यांचा चॅसिस नंबर बहुतेक वेळा हँडलखालच्या नळीजवळ ठोकलेला असतो आणि इंजिन नंबर क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या खोळीवर. तपासणीला अधिकारी आधी हेच दोन नंबर आरसीशी ताडून बघतो. ठोकलेली अक्षरं पन्नास वर्षांच्या गंजानं आधीच पातळ झालेली असतात. त्यावर ग्राइंडरचा ब्रश मारला, सँडब्लास्टिंगला दिली, वरून पुट्टी आणि पावडर कोटिंग बसवलं की अक्षरं बुजतात. माझ्याच गाडीचं तसं झालं. शहरातल्या एका रंगवाल्याकडे चॅसिस दिली, 'नंबर झाकून ठेव' असं सांगायचं राहिलं, आणि परत आली तेव्हा सात आकड्यांमधले दोन दिसेनात. मग थिनरमध्ये भिजवलेली चिंधी त्या जागी तासभर बांधून ठेवायची, लाकडी काडीनं रंग उचलायचा, असं करत शेवटी आकडे निघाले. पुन्हा ठोकायचा विचारही करू नका. पुन्हा ठोकलेला नंबर म्हणजे चोरीच्या गाडीचा संशय.

म्हणून काहीही उघडण्याआधी पेन्सिल प्रिंट घ्या. नंबरावरची जागा केरोसिननं पुसा, सुकू द्या. मऊ पेन्सिलचं शिसं अक्षरांवर आडवं घासा, वर पारदर्शक सेलोटेप दाबून बसवा, उचला आणि कोऱ्या कागदावर चिकटवा. अक्षरं स्पष्ट उमटतात. तीन-चार प्रती करून ठेवा, कारण फॉर्मवर लावायला त्याच लागतात. सोबत मोबाइलवर फोटो काढा. मग नंबरावर मास्किंग टेप लावून तिथं ग्रीस भरा आणि खुशाल रंगाला द्या.

दुरुस्ती किती चालते? पिस्टन, रिंगा, बोअर, बेअरिंग, केबल, टायर, वायरिंग बदलणं ही देखभाल आहे, असा माझा समज आहे. इंजिन तेच राहतं. पण इंजिनच दुसऱ्या राजदूतचं बसवलं तर आरसीतला नंबर जुळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीत लिहिलेल्या गोष्टींत फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. मधल्या काळात डिझेल इंजिन बसवलेल्या बुलेट विदर्भात कमी नाहीत. अशी बुलेट विंटेजमध्ये बसायची नाही, आणि साध्या नूतनीकरणातही आरसीवर पेट्रोल लिहिलेलं असेल तर अडेल. रंगही आरसीत असेल तोच मारा.

अर्ज

विंटेजसाठी परिवहन पोर्टलवर फॉर्म २०, सोबत विमा, शुल्क आणि जुनी आरसी. राज्यानं यासाठी नोडल अधिकारी नेमायचा आणि गाडी तपासायला समिती करायची, अशी नियमात तरतूद आहे. समितीनं मान्य केलं की फॉर्म २३ए मध्ये प्रमाणपत्र मिळतं, त्यासाठी ६० दिवसांची मुदत आहे. आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि माझ्या दृष्टीनं विंटेजचं सगळ्यात मोठं आकर्षण तेच. नव्यानं नोंदणी असेल तर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' असलेला नंबर मिळतो.

साध्या नूतनीकरणाला फॉर्म २५, चालू विमा, पीयूसी, पर्यावरण कर आणि गाडीची प्रत्यक्ष तपासणी. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांहून जुन्या मोटारसायकलीचं नूतनीकरण शुल्क २,००० रुपये झालं आहे. उशिराचं शुल्क महिन्यागणिक वाढतं, म्हणून एकूण किती होतात ते खिडकीवर आधी लिहून मागा. एजंट सांगतो तो आकडा आणि पावतीवरचा आकडा यांची गाठ क्वचितच पडते.

नोंदणी संपलेली गाडी तपासणीला चालवत नेऊ नका. विनानोंदणी गाडी रस्त्यावर आणल्यास पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे. छोट्या हत्तीत, म्हणजे लहान मालगाडी-टेम्पोत घाला, दोरानं चारी बाजूंनी बांधा, वर्ध्याला न्या. टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून आणलेली बाटली आणि एक जादा प्लग खिशात ठेवा, कारण नेमक्या त्या दिवशी ती किक घेत नाही. माझी अकराव्या किकला लागली. अधिकाऱ्यानं हॉर्न दाबायला सांगितला तेव्हा आवाज आला नाही. बॅटरीची तार टेम्पोत हादऱ्यानं सुटली होती. ती तिथंच दातानं सोलून जोडली.

कार्ड घरी आलं की पाकीट फोडल्या फोडल्या चॅसिस नंबर तुमच्या पेन्सिल प्रिंटशी एकेक आकडा लावून बघा. बॅकलॉग भरताना माझा ३ चा ८ झाला होता.