फॉरवर्ड कोड जुळणं वेगळं आणि इन्व्हर्जन जुळणं वेगळं

"आरएमएस १.०५ आला, म्हणजे कोड बरोबर चालतोय." हे वाक्य (आरएमएस म्हणजे मोजलेला डेटा आणि मॉडेलने दिलेला डेटा यांतला फरक, मोजमापातल्या त्रुटीच्या पटीत; १ च्या आसपास आला की फिट चांगलं मानतात) थीसिसमध्ये, पोस्टरवर, ग्रुपवर इतक्यांदा वाचलंय की आज एकदाचं लिहूनच टाकते. थ्रीडी एमटीचे, म्हणजे मॅग्नेटोटेल्युरिक्सचे (नैसर्गिक विद्युत आणि चुंबकीय लहरी वर मोजून जमिनीखालची रचना शोधायची पद्धत), कोड तपासताना फॉरवर्ड आणि इन्व्हर्जन अशा दोन वेगळ्या चाचण्या असतात आणि लोक एकीचा निकाल दुसरीच्या नावावर खपवतात.

फॉरवर्ड तुम्हाला माहितीच आहे, त्यामुळे पटकन. जमिनीखालची रेझिस्टिव्हिटी (रोधकता, विजेला होणारा विरोध) आपण द्यायची, कोडने मॅक्सवेलची समीकरणं सोडवून वर स्टेशनवर काय मोजलं जाईल ते सांगायचं. उत्तर एकच. समीकरणं सोडवायला फायनाइट डिफरन्स घ्या, फायनाइट एलिमेंट घ्या, इंटिग्रल इक्वेशन घ्या (यावर लोक तासन्‌तास भांडतात, इथे त्याने काही बिघडत नाही), मेश (जमिनीचे हिशेबासाठी पाडलेले छोटे तुकडे, म्हणजे सेल) पुरेशी बारीक असेल तर सगळ्यांनी त्याच आकड्यावर यायला हवं. नाही आले तर कोणाचं तरी चुकलंय. थ्रीडी एमटीचे कोड एकमेकांशी ताडून बघायला भरलेल्या २००८च्या डब्लिन वर्कशॉपचं पहिलं टेस्ट मॉडेल याचसाठी छान आहे: १०० ओहम-मीटरच्या एकसंध जमिनीत तीन ठोकळे, १०, १ आणि १०००० ओहम-मीटरचे, त्यातले शेवटचे दोन एकमेकांना चिकटून. दिसायला सोपं, पण १ आणि १०००० मधल्या त्या एका भिंतीवर कच्चा कोड लगेच उघडा पडतो.

आता इन्व्हर्जन. इथे डेटा दिलेला असतो आणि मॉडेल शोधायचं असतं, आणि *उत्तर एकच नसतं*. सगळा घोळ इथेच होतो. डेक्कन ट्रॅपच्या बेसॉल्टखाली गाळाचे थर आहेत का हे बघायला एमटी करतात, तोच प्रकार घ्या. बेसॉल्टखाली १ किलोमीटर जाडीचा १० ओहम-मीटरचा थर असेल तर त्याचा कंडक्टन्स (जाडी भागिले रोधकता) १०० सीमेन्स. आता ५०० मीटर जाडीचा ५ ओहम-मीटरचा थर घ्या, तोही १०० सीमेन्सच. वरून एमटीला दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. म्हणजे दोन कोडनी एकाच डेटातून दुप्पट-निम्मी जाडी दिली तरी दोन्ही कोड बरोबर असू शकतात, फरक पडला तो स्मूदिंगमुळे (मॉडेल गुळगुळीत ठेवायच्या अटीमुळे) किंवा सुरुवातीच्या मॉडेलमुळे. फॉरवर्डमध्ये एवढा फरक आला असता तर कोड कचऱ्यात गेला असता.

उलटंही होतं आणि ते जास्त धोक्याचं: फॉरवर्ड चुकलेला असतानाही इन्व्हर्जन मस्त फिट होतं. माझ्या एका मॉडेलमध्ये वरची जमीन १० ओहम-मीटरची होती, सगळ्यात छोटा पीरियड (लहरीचा आवर्तकाल) ०.०१ सेकंद, म्हणजे स्किन डेप्थ (लहर साधारण जिथवर आत जाते ती खोली) जेमतेम १६० मीटर (५०३ गुणिले रोधकता आणि पीरियडच्या गुणाकाराचं वर्गमूळ), आणि मी पहिला सेल ठेवला १०० मीटर जाड, म्हणजे त्या मानाने फारच जाड. आरएमएस १.१ आला, सगळे खूश. पण जवळजवळ प्रत्येक स्टेशनखाली एकेक छोटा ठिपका होता. फॉरवर्डची चूक झाकायला इन्व्हर्जनने ते ठिपके बनवले होते, खाली प्रत्यक्षात काही नव्हतं. नुसती १० ओहम-मीटरची एकसंध जमीन देऊन फॉरवर्ड चालवला तेव्हा कळलं, कारण तिथे प्रत्येक पीरियडला फेज (विद्युत आणि चुंबकीय लहरींमधला कोनातला फरक) ४५ अंशच यायला हवी आणि छोट्या पीरियडला ती येत नव्हती.

आणि आरएमएसवर इतका विश्वास का ठेवता? सगळा डेटा एरर फ्लोअरवर (आपण धरलेल्या किमान त्रुटीवर) असेल तर फ्लोअर ५ टक्क्यांचा १० करा, मॉडेलला हातही लावू नका, आरएमएस अर्धा होतो. तसंच ज्या कोडने आणि ज्या मेशवर सिंथेटिक डेटा बनवला त्याच कोडने त्याच मेशवर इन्व्हर्ट करून "मॉडेल परत मिळालं" म्हणणं, यातून काहीच सिद्ध होत नाही, दोन्हीकडे तीच चूक असेल तर ती कटून जाते. डेटा दुसऱ्याच्या कोडने बनवून घ्या. डब्लिनला मॉडेल गुपित ठेवून नुसता डेटा वाटला होता, इन्व्हर्जनची खरी परीक्षा तशीच होते असं माझं ठाम मत आहे.

फॉरवर्डची तुलना दाखवताना लॉग स्केलवर एकावर एक कर्व्ह काढून "उत्तम जुळतात" लिहिणं कृपया बंद करा. १० सेंटीमीटर उंचीच्या आलेखात चार डिकेड (दहापटीचे टप्पे) बसवले की १० टक्क्यांचा फरक फक्त १ मिलीमीटर दिसतो, रेघेच्या जाडीत गायब. खाली टक्क्यांतल्या फरकाचा वेगळा आलेख द्या, फेजचा अंशांत द्या.

बाकी फरक किरकोळ आहेत. दोन कोडमध्ये इम्पीडन्स (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचं गुणोत्तर) साधारण ७९६ पटीने वेगळा आला तर घाबरू नका, एकाने ओहममध्ये दिलाय आणि दुसऱ्याने मिलिव्होल्ट प्रति किलोमीटर प्रति नॅनोटेस्लामध्ये. फेजचं नुसतं चिन्ह उलटं आलं तर टाइम फॅक्टरची (लहरीचा काळाबरोबरचा बदल लिहायच्या घातांकाची) पद्धत वेगळी आहे, एकाच्या घातांकात प्लस, दुसऱ्याच्या मायनस. दोन्ही पाच मिनिटांत सुटतात, फक्त मेशला दोष देत आठवडा घालवायच्या आधी बघा.