बिस्किटांचा सोऱ्या

बिस्किटांचा सोऱ्या हे मऊ पीठ नक्षीदार चकतीतून दाबून थेट भाजण्याच्या पत्र्यावर पाडण्याचे हातयंत्र होय. धातूची नळी, तिच्यात सरकणारा दट्ट्या आणि तळाशी बसवायची बदलती चकती एवढेच त्याचे भाग असतात. जर्मनी, स्वीडन व नॉर्वे या देशांत नाताळची लोण्याची बिस्किटे अशाच यंत्राने पाडली जातात. त्यातले खटक्याचे यंत्र प्रत्येक दाबाला ठरावीक पीठ सोडते, त्यामुळे फुले व झाडे एकसारखी उमटतात. कोल्हापुरातील घरांत दिवाळीच्या चकलीसाठी मळसूत्राचा पितळी सोऱ्या असतोच, आणि चांदणीची चकती लावली की त्यातूनही बिस्किटे पडतात. मात्र पीठ सलग येत असल्याने लांब पट्ट्या पाडून त्या सुरीने कापणेच सोयीचे ठरते.

चकलीचा अंदाज येथे उपयोगी पडत नाही. भाजणीचे पीठ उकळत्या पाण्याने बांधले जाते व तळणीत पडताच घट्ट होते, तर बिस्किटाचे पीठ स्निग्धांशाने बांधलेले असते आणि भट्टीची धग लागताच आधी मऊ पडते. म्हणून चकलीला काटा येण्यासाठी मोहन जपून घालावे लागते, तसे बिस्किटाच्या रेघा टिकण्यासाठी लोण्याचे तापमान जपावे लागते. वजनाने 1 भाग पिठीसाखर, 2 भाग लोणी व 3 भाग मैदा हे जुने जर्मन प्रमाण सुरुवातीला पुरेसे आहे. खायचा सोडा घातल्यास बिस्कीट फुगून नक्षी पुसली जाते. विकतच्या लोण्यात 16 टक्क्यांपर्यंत पाणी असते, तुपात ते जवळजवळ नसते. त्यामुळे निव्वळ तुपातील पट्टी खुसखुशीत होते खरी, पण सोऱ्यातून उतरतानाच तुटते. चवीसाठी हा त्रास सोसणारे पुष्कळ आहेत.

पत्र्याला तूप लावू नये, कागदही घालू नये, कारण पीठ धातूला चिकटले तरच सोऱ्या उचलताना ते खाली राहते. पत्रा थंडच हवा. पहिला घाणा काढलेल्या गरम पत्र्यावर दुसरा पाडल्यास रेघा भट्टीत जाण्याआधीच विरघळतात. साधारण 180 अंश सेल्सिअसला 10 ते 12 मिनिटांत कडा बदामी होतात.

ऑक्टोबरच्या उकाड्यात लोणी लवकर पाघळते, म्हणून दिवाळीपूर्वी पीठ सकाळच्या गारव्यात मळणे बरे. घरी भट्टी नसलेली कुटुंबे मैदा, साखर व तूप घेऊन बेकरीत जातात आणि भाजलेली बिस्किटे पत्र्याच्या डब्यातून घरी आणतात. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर यांनी 1852 मध्ये कोल्हापुरात ख्रिस्ती मिशनचे काम सुरू केले. येथील ख्रिस्ती घरांत नाताळच्या फराळाला करंजी, चकली आणि केक एकाच ताटात असतात. डिसेंबरच्या थंडीत अडचण नेमकी उलटी होते : लोणी आखडून दट्ट्या हलेनासा होतो, तेव्हा भरलेला सोऱ्या थोडा वेळ उन्हात ठेवावा.