सराफाचं पॉलिश, बुटाचं पॉलिश आणि मामांची पद्मिनी

सराफाकडे अंगठी पॉलिशला टाकली की ती उजळून येते, पण काट्यावर ठेवली तर किंचित घटलेली असते. बुटाला पॉलिश केलं की बूटही उजळतो, पण तिथं घटत काहीच नाही, उलट मेणाचा थर चढतो. एकात जातं, दुसऱ्यात येतं, आणि आपण दोन्हीला पॉलिशच म्हणतो. अंगठी घेऊन कुणी चांभाराकडे जात नाही म्हणून भागतं. गाडीच्या बाबतीत मात्र ही दोन्ही कामं एकाच पत्र्यावर व्हायची असतात, दोन्हीच्या बाटल्या दुकानात एकाच फळीवर असतात, आणि 'पॉलिश द्या' म्हटलं की दुकानदार हाताला लागेल ती काढून देतो.

तर आधीच सांगून टाकतो. गाडीचं पॉलिश म्हणजे सराफाचं पॉलिश. गाडीचं वॅक्स म्हणजे बुटाचं पॉलिश.

मला हा फरक स्वस्तात कळला नाही. माझी काळी हॅचबॅक नवी असताना एका वॉशिंग सेंटरवर दिली आणि म्हटलं, जरा वॅक्स मारून द्या. तिथल्या पोरानं 'हो, पॉलिश ना' म्हणत गोल फिरणारं मशीन घेतलं, रबिंग, म्हणजे जाड कणांचं पॉलिश, लावलं आणि सुरू झाला. संध्याकाळी गाडी आरशासारखी दिसत होती. घरी आणून बघतो तर बॉनेटच्या कडेला, जिथं पत्रा दुमडतो तिथं, नखाएवढा पांढुरका डाग. वरचा थर घासून पार गेलेला. आता त्याला इलाज एकच, पूर्ण बॉनेट नव्यानं रंगवणं.

मामांची चूक नेमकी उलटी होती. त्यांची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी आहे, निळी, स्टिअरिंगला गिअरचा दांडा असलेली. २०१९ च्या महापुरात सांगलीत पाणी चढायला लागल्यावर घरातल्या सामानाआधी त्यांनी ही गाडी मिरजेला पाव्हण्यांकडे नेऊन ठेवली होती, यावरून काय ते समजा. गेल्या डिसेंबरात कोल्हापूरला जुन्या गाड्यांचा मेळावा होता, तिथं ती न्यायची ठरली. मी म्हटलं, मामा, एकदा पॉलिश करून घेऊ. तर ते चिडले. "अरे, दर खंडेनवमीला पॉलिश करतोय मी! तीस वर्षं!" आणि कपाटातून बाटली काढून समोर आदळली. बाटलीवर लिहिलेलं होतं, वॅक्स.

म्हणजे मामांनी आयुष्यात गाडीला पॉलिश केलेलंच नव्हतं. आणि म्हणूनच तिचा रंग शाबूत होता. या गोंधळात दोन्ही बाजूंचं नुकसान सारखं नसतं, हे लक्षात घ्या. पॉलिशच्या जागी वॅक्स लावलं तर फार तर ओरखडे तसेच राहतात. वॅक्सच्या जागी पॉलिश घासलं तर गेलेला रंग परत येत नाही.

आता पॉलिश नेमकं करतं काय? त्यात अतिबारीक कण असतात, बहुतेक ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे पॉलिश पेपरवर असतात त्याच कुळातले, फक्त कितीतरी बारीक. ओरखडा म्हणजे रंगातली घळ. पॉलिश ती घळ भरत नाही, आजूबाजूची जमीन खाली आणून घळीच्या तळाशी जुळवतं. पृष्ठभाग सपाट झाला की उजेड एका दिशेनं परततो आणि आपल्याला चमक दिसते.

ही जमीन किती जाड असते म्हणाल, तर आजच्या गाडीवर कारखान्यातून आलेला सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या घरात असतो. घासायला आपल्याकडे जे काही आहे ते केसाहून पातळ आहे, आणि उन्हापासून रंगाला वाचवणारी द्रव्यंही त्याच थरात असतात. हलक्या हातानं एकदा पॉलिश केलं तर एखाद-दोन मायक्रॉन जातात, रबिंगनं त्याहून जास्त. दुमडलेल्या कडांवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, आणि मशीनचा सगळा दाब तिथंच येतो. माझ्या हॅचबॅकचं तेच झालं. जाणकार माणूस मशीन लावण्याआधी कडांवर मास्किंग टेप का चिकटवतो, हे मला तेव्हा कळलं.

मामांच्या गाडीला क्लिअर कोट नाही. त्या काळचा साधा एकथरी रंग, वर काही नाही. त्यामुळे एक गंमत झाली. छतावर कोपऱ्यात थोडं पॉलिश घेऊन पिवळ्या स्पंजनं घासलं, मायक्रोफायबरनं पुसलं, तर फडकं निळं! मामा शेजारी उभेच होते. "रंग निघाला की रं! थांब, थांब!" त्यांना समजवायला पाच मिनिटं गेली. एकथरी रंगात फडक्यावर रंग येणारच, तो वरचा उन्हानं मेलेला, खडूसारखा झालेला थर असतो. क्लिअर कोटच्या गाडीवर घासताना फडक्यावर रंग आला, तर मात्र खरोखर थांबायचं, कारण वरचा कोट संपून तुम्ही खालच्या रंगात पोचलेले असता. जुनी गाडी घेताना ती कुठल्या प्रकारची आहे हे ओळखायलाही हीच खूण उपयोगी पडते.

त्या कोपऱ्यावर आणि शेजारच्या न घासलेल्या भागावर मी मोबाईलचा टॉर्च धरला. न घासलेल्या बाजूला उजेडाभोवती कोळ्याचं जाळं उमटलं. हे ओरखडे प्रत्यक्षात गोल नसतात बरं का, सगळीकडे आडवेतिडवे असतात. उजेडाला आडवे पडणारे तेवढेच चमकतात म्हणून जाळं दिसतं. टॉर्च हलवला की जाळंही हलतं. घासलेल्या बाजूला जाळं नाही, फक्त टॉर्चचा ठिपका, कडा धारदार. मामांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि स्वतःच इकडून तिकडे फिरवत बसले.

हे जाळं येतं कुठून? आपल्या सांगलीत तर घरबसल्या येतं. गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याची काळी राख उडते. उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिका भरपूर, म्हणजे वाळूच. सकाळी उठून ती कोरड्या फडक्यानं झटकली की झालं, गाडीला पॉलिश पेपर फिरवला. आधी पाणी मारा, राख वाहून जाऊ द्या, मग हात लावा. आणि ते पाणी बोअरचं असेल तर उन्हात सुकू देऊ नका, नाहीतर क्षारांचे पांढरे गोल उमटतात. ताजे असतील तर पाणी घातलेल्या व्हिनेगरनं निघतात. मुरले की पुन्हा पॉलिशवरच गाडी येते.

वॅक्सकडे वळू. ते काही कापत नाही. पत्र्यावर एक अगदी पातळ, पाणी न धरणारी साय चढवतं. सगळ्यात नावाजलेलं कार्नोबा, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळणारं मेण. ते ८२ ते ८६ अंशांना वितळतं, मेणांमध्ये हे बरंच वरचं. बुटाच्या पॉलिशमध्येही ते घालतात, त्यामुळे सुरुवातीची बुटाची उपमा नुसती उपमा नाही. कार्नोबा लावलं की रंग ओला, गडद दिसतो, विशेषतः काळा, निळा, लाल. पण टिकतं दीड-दोन महिने. वॅक्सचंच काम करणारं कृत्रिम सीलंट चार-सहा महिने जातं, मात्र त्याची चमक थोडी काचेसारखी, थंड. जुन्या गाडीवर मला स्वतःला कार्नोबाच बरं वाटतं.

वॅक्स शिल्लक आहे का हे पाण्यावरून कळतं. पाणी मारल्यावर टपोरे थेंब होऊन घरंगळलं तर आहे, चादरीसारखं पसरून बसलं तर गेलं. पॉलिश केल्या केल्या गाडी कितीही चमकत असली तरी तिच्या अंगावर संरक्षण काहीच नसतं. त्यावर पक्षी बसला, चिंचेखाली लावली, खंडेनवमीचं कुंकू-हळद ओलं राहिलं, तर थेट रंगावर. म्हणून आधी पॉलिश, मग वॅक्स. उलट केलं तर लावलेलं वॅक्स पॉलिशनंच खरवडून निघतं, आणि मधे बसलेल्या वॅक्सवर पॉलिश नीट चालतही नाही.

गोंधळ वाढवणारी आणखी दोन-तीन मंडळी आहेत. रबिंग कंपाउंड हे पॉलिशचं सख्खं भावंड, फक्त अंगानं दांडगं. कण मोठे, कापणं जास्त. दोघांत फरक प्रमाणाचा आहे. पॉलिश आणि वॅक्समधला फरक जातीचा आहे. मग 'क्लीनर वॅक्स' नावाचं दोन्ही एकत्र केलेलं एक असतं. रोजच्या गाडीला ठीक, पण नकळत थोडं घासलं जातं हे ध्यानात असू द्या. लेबलवर 'ओरखडे काढतं' किंवा 'फिका रंग उजळतं' लिहिलं असेल तर बाटलीवर नाव काहीही असो, आत कण आहेत असं समजा. ग्लेझ म्हणून एक असतं, ते ओरखडे तेलकट भरावानं झाकतं. दोन-चार धुण्यांत जाळं परत हजर. पॉलिशवाल्यानं खरंच काम केलंय की झाकलंय हे बघायचं असेल तर थोडं पाणी मिसळलेलं आयसोप्रोपाइल अल्कोहोल फडक्यावर घेऊन एक भाग पुसा आणि टॉर्च धरा. झाकलेलं असेल तर उघडं पडतं.

सिरॅमिक कोटिंग हे वॅक्सच्याच बाजूचं, म्हणजे चढवायचं काम, फक्त टिकाऊ. '९एच आहे, दगडानंही ओरखडा येत नाही' असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. तो ९एच पेन्सिलच्या शिशाच्या कडकपणाच्या मापातला आहे, दगडाच्या नाही.

आणि कुठलंही पॉलिश ज्याला हात लावू शकत नाही असा ओरखडाही असतो. नख आडवं फिरवा. अडकलं तर तो खोल आहे, डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे जा. ताज्या रंगवलेल्या गाडीला वॅक्सची घाई नको; आतलं द्रावण उडून जायला वेळ लागतो, म्हणून रंग कंपन्या प्रकारानुसार ३० ते ९० दिवस थांबायला सांगतात.

पद्मिनीचं आम्ही असं केलं. मेळाव्याच्या आदल्या आठवड्यात शाम्पूनं धुतली. मग पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवरून हात फिरवला. नुसत्या बोटांना गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो, ही युक्ती मामांना फारच आवडली. ती खरखर क्ले बारनं काढली. क्ले बार म्हणजे पोरांच्या खेळण्यातल्या मातीसारखा गोळा, सोबत भरपूर फवारा. खाली पडला तर सरळ फेकायचा, कारण त्याला चिकटलेली माती गाडीवर रेघोट्या ओढते. मग क्रोमच्या पट्ट्या, रबर आणि कडा टेपनं झाकून बारीक पॉलिश, मागेपुढे डुलत फिरणाऱ्या मशीननं. एकाच जागी गोल फिरणारं मशीन मी आता शपथेवर लावत नाही. सावलीत, एका वेळी दोन फूट बाय दोन फूट. पद्मिनी छोटी दिसते, पण सकाळी आठला बसलो ते दिवेलागणीला उठलो. वॅक्स लावलं ते कोल्हापूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी, तासाभराचं काम. फार लावायचं नाही, जाड थर पुसताना जीव जातो. काळ्या रबराला लागलं की पांढरं होऊन बसतं, त्यासाठी टेप तशीच ठेवली होती.

कोल्हापूरला जाईपर्यंत जयसिंगपूर, हातकणंगले, रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या. मैदानात पोचलो तेव्हा निळ्या गाडीवर धुळीची साय. मामांनी सवयीनं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि मी धावत जाऊन त्यांचा हात धरला. डिटेलिंग स्प्रे भरपूर मारून, मऊ मायक्रोफायबर न दाबता एका दिशेनं ओढत, प्रत्येक वेळी घडी पालटत पुसली. आदल्या दिवशी वॅक्स असल्यानं धूळ सुटून आली.

गाडी बघायला आलेल्यांपैकी एक गृहस्थ बराच वेळ खाली वाकून दाराच्या कडा बघत होते. उठून म्हणाले, "मूळचा रंग दिसतोय. कुठलं पॉलिश मारता?" मामा माझ्याकडे बघायला लागले. मग म्हणाले, "पॉलिश नाही हो, वॅक्स." आणि पुढं अर्धा तास त्यांना सराफ आणि चांभार समजावत होते.

आता त्यांच्या गॅरेजमधल्या कॅलेंडरवर दर दोन महिन्यांनी लाल पेननं 'वॅक्स' लिहिलेलं आहे. पॉलिशची तारीख कुठंच नाही. ती बाटली आणि मशीन मी माझ्या घरी आणून ठेवलंय. मागायला दोनदा फोन आला होता.