दोन्हीकडून लागणारा लळा

निफाड किंवा दिंडोरीकडच्या मळ्यावर राहणारा गावठी कुत्रा आणि नाशिकच्या गंगापूर रोडवर पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये वाढलेला लॅब्रॅडॉर यांच्या दिनक्रमात फारसे साम्य नसते. पहिला द्राक्षबागेच्या बांधावरून मोकळा फिरतो, रात्री अंगणात निजतो आणि घरात क्वचितच पाऊल टाकतो. दुसऱ्याच्या फिरायला जाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात आणि झोपायला त्याला गादी मिळते. तरीही घरातले कोणी चार दिवस परगावी राहून परतले की दोघेही सारखेच वागतात. दोघेही धावत येतात, अंगावर झेप घेतात, हात चाटतात आणि नंतर बराच वेळ त्या माणसाच्या पायाशी घुटमळत राहतात. कुत्रा खाल्ल्या मिठाला जागतो, असे याचे स्पष्टीकरण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दिले जाते. गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या संशोधनावरून मात्र असे दिसते की या नात्यात अन्नाचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा लहान आहे.

या संशोधनाची एक महत्त्वाची सुरुवात हंगेरीत झाली. तान्ह्या मुलाचे आईशी असलेले नाते तपासण्यासाठी मानसशास्त्रज्ञ एक चाचणी वापरतात: मुलाला अनोळखी खोलीत आणायचे, आईने थोडा वेळ बाहेर जायचे, एक परकी व्यक्ती आत यायची, मग आईने परत यायचे आणि या प्रत्येक टप्प्यावर मूल काय करते याची नोंद ठेवायची. बुडापेस्टमधील योझेफ टोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हीच चाचणी ५१ कुत्रे आणि त्यांच्या मालकांवर करून पाहिली. मालक खोलीत असताना कुत्रे निर्धास्तपणे खोली हुंगत होते आणि परक्या माणसाशीही खेळत होते. मालक बाहेर गेला की त्यांचे खेळणे कमी होऊन ते दाराशी उभे राहत होते, आणि तो परतताच त्याच्याकडे धाव घेत होते. परक्या माणसाच्या जाण्या-येण्याने त्यांना एवढा फरक पडत नव्हता. तान्ही मुले साधारण असेच वागतात. या खोलीत कोणी कोणाला खाऊ घालत नव्हते, हे इथे ध्यानात घ्यायला हवे.

व्हिएन्नातील संशोधकांनी २०१३ मध्ये हा धागा पुढे नेला. त्यांनी कुत्र्यांना खाऊ दडवलेली खेळणी दिली आणि खाऊ बाहेर काढण्यासाठी ते किती वेळ खटपट करतात हे मोजले. मालक शेजारी गप्प बसलेला असो की प्रोत्साहन देत असो, तो खोलीत असताना कुत्रे अधिक वेळ प्रयत्न करत राहिले. तो नसताना समोर खाऊ असूनही त्यांचा उत्साह ओसरला, आणि मालकाच्या जागी परका माणूस बसवला तरी तो वाढला नाही. अन्न हेच सर्वस्व असते तर निकाल असा लागला नसता. आपल्या माणसाच्या असण्याने कुत्र्याला जी निर्धास्तता मिळते, तीच या नात्याचा गाभा आहे, असे मला या दोन प्रयोगांवरून वाटते.

आता शरीरात काय घडते ते पाहू. प्रसूतीच्या वेळी आणि अंगावर पाजताना आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक स्रवते आणि बाळाशी जवळीक निर्माण होण्यात त्याचा सहभाग असतो. जपानमधील अझाबू विद्यापीठाच्या मिहो नागासावा आणि ताकेफुमी किकुसुई यांच्या गटाने २०१५ मध्ये ३० कुत्रे व त्यांच्या मालकांना अर्धा-अर्धा तास एकत्र ठेवले आणि त्याआधी व त्यानंतर दोघांच्याही लघवीतील ऑक्सिटोसिन मोजले. ज्या जोड्यांत कुत्रा मालकाच्या डोळ्यांत अधिक वेळ पाहत राहिला, त्या जोड्यांत दोघांचेही प्रमाण वाढलेले आढळले. माणसांनी हाताळून वाढवलेले लांडगे मालकांच्या डोळ्यांत फारसे पाहतच नव्हते आणि त्यांच्या जोड्यांत ही वाढ दिसली नाही. पुढच्या टप्प्यात कुत्र्यांच्या नाकात ऑक्सिटोसिनचा फवारा दिला तेव्हा फक्त माद्यांचे मालकाकडे पाहणे वाढले. नरांमध्ये तसे घडले नाही. समाजमाध्यमांवर या प्रयोगाचा उल्लेख ‘प्रेमाचे रसायन सापडले’ अशा थाटात होतो. तो थाट मला पटत नाही, कारण लघवीतल्या एका संप्रेरकाची मोजणी म्हणजे साऱ्या नात्याचा उलगडा नव्हे. पण नजरेला नजर मिळाली की परिणाम दोन्ही शरीरांत घडतो, एवढे या प्रयोगाने दाखवले आणि तेही कमी नाही.

माणूस डोळ्यांवर भिस्त ठेवतो, तर कुत्रा नाकावर, म्हणून वासाचा प्रयोग अधिक बोलका आहे. अमेरिकेतील एमरी विद्यापीठाच्या ग्रेगरी बर्न्स यांनी कुत्र्यांना भूल न देता, न बांधता एमआरआय यंत्रात स्थिर पडून राहायला शिकवले. त्यांच्या गटाने २०१५ मध्ये १२ कुत्र्यांना पाच प्रकारचे वास दिले: स्वतःचा, ओळखीच्या व अनोळखी कुत्र्याचा, आणि ओळखीच्या व अनोळखी माणसाचा. सुखद गोष्टीच्या अपेक्षेने उत्तेजित होणारा मेंदूतला भाग ओळखीच्या माणसाच्या वासाला सर्वांत जास्त प्रतिसाद देत होता. विशेष म्हणजे हा वास यंत्राजवळ उभ्या असलेल्या व्यक्तीचा नव्हता, त्या वेळी तिथे नसलेल्या परिचिताचा होता. घरातले माणूस कामाला अंबडच्या कारखान्यात गेलेले असले तरी त्याच्या चपलेपाशी किंवा उशीपाशी कुत्रा जाऊन का बसतो, याचा अंदाज यावरून बांधता येतो. आवाजाबाबतही असेच निष्कर्ष आहेत. बुडापेस्टच्या अॅटिला अँडिक्स यांच्या गटाने २०१६ मध्ये १३ कुत्र्यांवर केलेल्या अभ्यासात, कौतुकाचे शब्द कौतुकाच्याच सुरात बोलले गेले तेव्हा मेंदूतील सुखद अनुभवाशी जोडलेला भाग जागा झाला. नुसता सूर किंवा नुसते शब्द पुरेसे ठरले नाहीत.

नाते दोन्हीकडून असले की त्याचा ताणही दोघांच्या वाट्याला येतो. स्वीडनमधील लिंकपिंग विद्यापीठात ५८ कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण तपासण्यात आले. केस हळूहळू वाढत असल्याने त्यात कित्येक आठवड्यांच्या ताणाची नोंद राहते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोघांचे प्रमाण बरोबरीने वरखाली होताना आढळले, आणि कुत्र्याच्या स्वभावापेक्षा मालकिणीच्या स्वभावाशी त्याचा अधिक संबंध दिसला. घरात कोणी दीर्घकाळ आजारी असेल, तर कुत्राही मलूल झाल्याचे घरचे लोक सांगतात ते यामुळे असू शकते.

हे सारे आले कुठून? जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल येथे १९१४ मध्ये सापडलेल्या सुमारे १४,२०० वर्षांपूर्वीच्या दफनात एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यासोबत सुमारे सात महिन्यांचे पिल्लू होते. त्याच्या दातांवरच्या खुणांवरून ते डिस्टेंपर या गंभीर आजारातून गेले असावे, असे संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले. कोणी उबेत ठेवून पाणी पाजल्याशिवाय, साफसफाई केल्याशिवाय असे पिल्लू आठवडेच्या आठवडे जगणे कठीण. आणि त्या अवस्थेत ते शिकारीला किंवा राखणीला काहीच उपयोगाचे नव्हते. आपल्याकडे काश्मीरमधील बुर्झहोमच्या नवाश्मयुगीन वसाहतीतही माणसांबरोबर कुत्रे पुरल्याचे उत्खननात दिसून आले आहे. पुढे शेती आली आणि कुत्र्यांच्या शरीरानेही तिच्याशी जुळवून घेतले. पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, तर कुत्र्यात त्या ४ ते ३० पर्यंत असल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मळ्यावरचा कुत्रा बाजरीच्या भाकरीवर वाढू शकतो, त्यात या बदलाचा मोठा वाटा असावा. २०१७ मध्ये ब्रिजेट व्हॉनहोल्ट यांच्या गटाने कुत्र्याच्या माणसाळू स्वभावाशी संबंध असलेले काही जनुकीय बदल शोधले. माणसात गुणसूत्राच्या याच्याशी जुळणाऱ्या भागातला तुकडा गळाला तर विल्यम्स सिंड्रोम होतो आणि त्या व्यक्ती अनोळखी लोकांशीही विलक्षण मोकळेपणाने वागतात.

जनुकांनी मिळते ती केवळ क्षमता. ती प्रत्यक्षात येण्यासाठी एक ठरावीक काळ असतो, आणि पिल्लू घरी आणणाऱ्या कुटुंबाला याहून उपयोगाची दुसरी माहिती नसेल. अमेरिकेत १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पिल्लांना त्यांच्या आईसह उंच कुंपणाच्या मैदानात वाढवले गेले आणि अन्न अशा रीतीने दिले गेले की त्यांना माणूस दिसू नये. काही पिल्लांना दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात एकेक आठवडा माणसांच्या सहवासात आणले. काहींना चौदाव्या आठवड्यापर्यंत आणलेच नाही. चौदा आठवडे माणसाविना राहिलेली पिल्ले नंतर रानटी जनावरासारखी दूर पळत राहिली, तर मधल्या आठवड्यांत सहवास मिळालेली सहज माणसाळली. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा हा काळ आहे. म्हणजेच नुकतेच डोळे उघडलेले पिल्लू आईपासून तोडणे जितके वाईट, तितकेच ते चार महिने पिंजऱ्यात ठेवून मग विकणे वाईट. या काळात पिल्लाने घरातल्या म्हाताऱ्या आजीचा हात, लहान मुलाचा आरडाओरडा, मिक्सरचा आवाज आणि रस्त्यावरची रिक्षा हे सगळे भीती न वाटता अनुभवलेले असेल, तर पुढची दहा-बारा वर्षे घराला सोपी जातात. लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला बाहेर जमिनीवर सोडू नये हे खरे, पण कडेवर घेऊन फिरवायला हरकत नसते; आपल्या पशुवैद्यांना विचारून ते ठरवावे.

इथे जातीचा प्रश्न येतो. नाशिकमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या घरात जात असतानाही बर्फाळ प्रदेशातले हस्की आणि सेंट बर्नार्ड हौसेने पाळले जातात, आणि अमुक जातीचा कुत्रा अधिक प्रेमळ असतो असे विकणारे ठासून सांगतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी दिलेल्या माहितीवर आधारलेल्या अभ्यासात मात्र वैयक्तिक वर्तनातील फरकांपैकी सुमारे ९ टक्केच फरक जातीमुळे स्पष्ट होतो, असे दिसले. आपल्या गावठी कुत्र्यांबद्दलची महत्त्वाची माहिती भारतातूनच आली आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतील अनिंदिता भद्र यांच्या गटाने रस्त्यावरच्या, कधीच न शिकवलेल्या कुत्र्यांपुढे दोन वाट्या ठेवून एकीकडे बोट दाखवले. जे जवळ आले त्यांपैकी सुमारे ८० टक्के कुत्र्यांनी दाखवलेली वाटी निवडली. त्याच गटाच्या २०१७ मधील दुसऱ्या प्रयोगात, वारंवार भेटणाऱ्या अनोळखी माणसावर रस्त्यावरच्या कुत्र्यांचा विश्वास बसायला खाऊपेक्षा डोक्यावरून फिरवलेला हात अधिक उपयोगी पडला.

एका बाबतीत मात्र आपण या नात्याचा चुकीचा अर्थ लावतो. चादर फाडल्यानंतर कान पाडून, नजर चुकवून बसलेल्या कुत्र्याला ‘आपण काय केले ते बरोबर कळते’ असे घरोघरी म्हटले जाते. अॅलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये १४ कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात, काही मालकांना त्यांचा कुत्रा निर्दोष असतानाही त्याने खाऊ चोरल्याचे सांगितले. ते रागावले आणि कुत्र्याने तोच ‘अपराधी’ चेहरा केला. निर्दोष कुत्र्यांच्या चेहऱ्यावर तर तो अधिकच ठळक दिसला. तो चेहरा मालकाच्या रागाला दिलेला प्रतिसाद असतो. त्यामुळे संध्याकाळी घरी येऊन दुपारच्या कृत्याबद्दल मारणे निरर्थक आहे; कुत्रा त्यातून एवढेच शिकतो की माणूस घरी येणे ही घाबरण्याची गोष्ट आहे.

पिल्लूपण ओलांडलेल्या कुत्र्याला नव्या घराचा लळा लागत नाही, हाही समज टिकत नाही. मार्ता गाची यांच्या गटाने हंगेरीतील निवारागृहांत राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यांपैकी काहींना एकाच व्यक्तीचा दहा-दहा मिनिटांचा सहवास तीन वेळा दिला आणि मग टोपाल यांचीच चाचणी घेतली. तेवढ्या अर्ध्या तासाच्या ओळखीवर ते त्या व्यक्तीशी आपल्या मालकाशी वागावे तसे वागू लागले होते. पंचवटीत किंवा सिडकोत गल्लीतला मोठा कुत्रा घरात घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाने अँटी-रेबीज लस, जंतनाशक औषध आणि नसबंदी यांची व्यवस्था आधी करावी. वयाची अडचण मानू नये.